डार्टमूरवर दगडाखाली डबी मिळाली, आत शिक्का आणि वही. लेटरबॉक्सिंगबद्दल कोणी सांगेल का?

मुग्धा_प्लिमथ

नमस्कार मंडळी, आम्ही गेल्या सप्टेंबरपासून इंग्लंडात प्लिमथला आहोत, नवऱ्याची हॉस्पिटलमधे नोकरी, लेक नऊ वर्षांची. परवाच्या रविवारी चक्क ऊन होतं म्हणून डार्टमूरवर, म्हणजे इथल्या मोठ्या उघड्या माळरानावर, बरॅटर तलावाकडे गेलो आणि तिथून शीप्स टॉर चढलो. टॉर म्हणजे इथल्या टेकड्यांच्या माथ्यावरचे ग्रॅनाइटचे ढीग, लांबून भाकऱ्यांची चवड रचून ठेवल्यासारखे दिसतात. त्या टॉरवर पिक्सींची गुहा आहे असं लेकीला शाळेत कोणीतरी सांगितलेलं, पिक्सी म्हणजे इकडच्या गोष्टींमधली बुटकी माणसं, त्यामुळे ती प्रत्येक फटीत डोकावत होती आणि मी मागून ओरडत होते की हात घालू नकोस. तेवढ्यात तिने एका फटीतून पांढरी प्लास्टिकची डबी काढली, औषधाच्या गोळ्यांची असते ना तशी, झाकण घट्ट. आत पिशवीत गुंडाळलेली छोटी वही आणि एक रबरी शिक्का, शिक्क्यावर इथल्या जंगली पोनीचं चित्र. वहीत पानोपानी लोकांचे शिक्के, खाली तारखा आणि एखाद-दोन ओळी. कोणाचा घुबडाचा, कोणाचा गमबुटांचा, एक तर नुसता चहाच्या किटलीचा.

आमच्याकडे शिक्का कुठला असणार, पण लेकीच्या बॅगेत स्केचपेनं होती, तिने एका पानावर पोळ्याचा बैल काढला, शिंगं लाल रंगवली, खाली नाव टाकलं आणि डबी होती तशी परत ठेवून दिली. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की याला लेटरबॉक्सिंग म्हणतात, डबीतल्या वहीत आपला शिक्का मारायचा आणि डबीतला शिक्का आपल्या वहीत. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही.

तर प्रश्न असे की आम्ही वहीत चित्र काढलं ते चाललं का, सुरुवात कशी करायची, बाकीच्या डब्या कुठे आहेत ते कसं कळतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यात माणसं खरोखर भेटतात का? स्पष्टच लिहिते, इथे सहा महिन्यांत माझी एकही ओळख झालेली नाही. शाळेच्या फाटकाशी लोक हसतात, हवेबद्दल बोलतात आणि जातात. त्या वहीतल्या लोकांच्या दोन दोन ओळी वाचून मला फार बरं वाटलं, म्हणून विचारतेय.

तात्या_डेव्हनकर

मुग्धाताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. भेटतात. मी १६ वर्षं एक्झिटरला आहे आणि माझी इथली जवळची म्हणावी अशी जवळपास सगळी माणसं या डब्यांमधून आलीत. आणि लेकीने चित्र काढलं ते उत्तम केलं, शिक्का नसेल तर लोक सही करतात, अंगठा उठवतात, चित्र काढतात, सगळं चालतं. पुढच्याला कळलं पाहिजे की तुम्ही इथवर आला होतात, एवढंच.

तुम्ही या छंदाच्या माहेरातच राहताय. हे सुरू झालं १८५४ साली, डार्टमूरवरच. चॅगफर्ड गावचे जेम्स पेरॉट म्हणून वाटाडे होते, ते पाहुण्यांना क्रॅनमिअर पूलला घेऊन जायचे. आता ते नावालाच तळं, जाऊन बघाल तर दलदलीतला खळगा, पण त्या काळी तिथवर पोचणं म्हणजे दिवसभराची तंगडतोड. तर पेरॉटनी तिथे एक बाटली ठेवली, जो पोचेल त्याने आपलं व्हिजिटिंग कार्ड त्यात टाकायचं. पुढे लोक स्वतःचाच पत्ता लिहिलेलं पोस्टकार्ड ठेवून यायला लागले आणि नंतर जो येईल तो ते उचलून गावात येऊन टपालात टाकायचा. म्हणजे तुमचं कार्ड कधी पोचणार ते तुमच्यानंतर तिथे कोण आणि कधी चढून येतो त्यावर. लेटरबॉक्स हे नाव त्यावरून पडलं. १८९४ ला बेल्स्टन टॉरवर दुसरी पेटी आली, १९३८ ला डक्स पूलला तिसरी, ती विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मरणार्थ, डार्टमूरची पायवाट न् पायवाट लिहून ठेवणारा माणूस. क्रॅनमिअरची दगडी पेटी १९३७ ची, लोकवर्गणीतून बांधलेली, आजही आहे. तुमच्यासारख्या छोट्या डब्या मात्र खूप नंतरच्या, १९७० नंतर त्यांचं पेवच फुटलं.

आता डब्या कशा शोधायच्या. ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा, ओएल२८ नंबरचा नकाशा घ्या आणि एक साधं होकायंत्र घ्या, मोबाईलवर विसंबू नका, निम्म्या मूरवर रेंज नसते. क्लू असा असतो की अमक्या चर्चचा मनोरा २४८ अंशावर, तमका टॉर १३२ अंशावर, तिथून दहा पावलांवर झुकलेल्या दगडाखाली. मग होकायंत्र हातात धरून सरकत राहायचं, एक कोन जुळला की दुसरा सुटतो, दुसरा जुळवावा तर पहिला जातो, आणि दोन्ही जुळतात तेव्हा तुम्ही नेमके गुडघाभर चिखलात असता. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे. जागेकडे इतकं निरखून दुसऱ्या कुठल्याही निमित्ताने मी बघितलेलं नाही.

छापील यादी हवी तर ती १०० क्लबची. ज्याला १०० डब्या मिळाल्या त्याला क्लबात घेतात आणि मग क्लूंची यादी मिळते. लोक म्हणतात की पहिल्या १०० यादीशिवाय कशा शोधायच्या, तर उत्तर हेच, माणसांना विचारून. तुमची माणसांची गरज इथूनच भागायला लागेल. एखाद्या टॉरवर कोणी दगडाखाली वाकून बघताना दिसला की सरळ जाऊन विचारायचं, काही मिळालं का. या एका प्रश्नावर इंग्रज माणूस अर्धा तास बोलतो, मी स्वतः अनुभवलंय. शिवाय काही मंडळी एखाद्या संस्थेला मदत म्हणून क्लूंचे कागद विकतात, पाच-पंचवीस डब्यांची एक फेरी असते, ते सुरुवातीला फार उपयोगी. आणि वर्षातून दोनदा, घड्याळं पुढे-मागे करतात त्या रविवारी, मेळावा भरतो. आता मार्चच्या शेवटच्या रविवारी येईल, ठिकाण आधी विचारून घ्या.

एक गोष्ट सांगतो. सुरुवातीची दोन वर्षं मला जवळजवळ प्रत्येक वहीत एक पाणमांजराचा शिक्का दिसायचा. कोरताना सुरी घसरली असावी, शेपटीत बारीकशी खाच होती. मी पोचायच्या आधी हा माणूस कधी चार दिवस, कधी महिनाभर आधी येऊन गेलेला असायचा, आणि दोन शब्द लिहायचा, 'वारा भयंकर', 'आज दोन कोकिळा ऐकल्या', असं. मी हळूहळू त्याच्या खाली उत्तरं लिहायला लागलो, तो परत येऊन वाचणार नाही हे माहीत असून. मग एका मेळाव्यात समोरच्या टेबलावर एक बाई वहीत शिक्का मारत होत्या आणि मला ती शेपटीतली खाच दिसली. मी धरून चाललो होतो की हा कोणी म्हातारा असणार, तर ही शाळेतून निवृत्त झालेली बाई. मी माझी वही उघडून माझा नारळाचा शिक्का दाखवला, त्या उभ्याच राहिल्या, म्हणाल्या, 'म्हणजे नारळ तुम्ही!' त्यांनाही माझा शिक्का माहीत होता, कारण त्या काही डब्यांना परत गेल्या होत्या आणि माझी उत्तरं वाचून आल्या होत्या. त्याला आता १२ वर्षं झाली, आमच्या गणपतीला दरवर्षी मोदक वळायला येतात, माझ्यापेक्षा बऱ्या कळ्या पाडतात.

काळजी कशाची घ्यायची तेही लिहितो. उत्तरेकडच्या भागात लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो, क्रॅनमिअर त्यातच येतं, लाल निशाण वर असेल तर आत जायचं नाही, वेळापत्रक आधीच जाहीर होतं ते बघून निघायचं. धुकं दहा मिनिटांत येतं. फटीत आधी काठी घालायची, मग हात, उन्हाळ्यात ॲडर साप असतात आणि ते विषारी आहेत, लेकीला हे नक्की सांगा. आणि कधी स्वतःची डबी ठेवलीत तर कांस्ययुगातली दगडी वर्तुळं, घरांचे चौथरे, दगडांच्या रांगा यांच्यात ठेवायची नाही, खणायचं नाही, सिमेंट लावायचं नाही. हे नियम लेटरबॉक्सवाल्यांनी स्वतः मान्य केलेत आणि पाळतात.

शिक्केवाली

तात्या, काय सुंदर लिहिलंय, पाणमांजर डोळ्यासमोर आलं. मी अमेरिकेत कनेटिकटला असते, आमच्याकडे हे वेड उशिरा आलं, १९९८ साली स्मिथसोनियन मासिकात डार्टमूरवर लेख आला तो वाचून इथल्या लोकांनी डब्या ठेवायला सुरुवात केली. आमच्या राज्याच्या वनखात्याच्याच डब्या आहेत, सरकारी जंगलांमधे, माझ्या मुलाच्या वेळी ठरावीक डब्या शोधल्या की चालायची काठी द्यायचे. माझ्या मुलाने ती काठी सहा वर्षांचा असताना मिळवली, आता तो कॉलेजात आहे आणि काठी अजून दाराशी उभी आहे.

मुग्धा, मी शिक्क्याबद्दल लिहिते कारण माझा जीव त्यात आहे. दुकानातला तयार शिक्का घेऊ नकोस. आपण शाळेत भेंडीचे आणि बटाट्याचे ठसे केलेत ना, त्याचीच पुढची इयत्ता. सुरुवातीला साधं पांढरं खोडरबर घे. चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढायचं, मग पेपर पालथा करून खोडरबरावर ठेवायचा आणि नखाने घासायचा, चित्र उलटं उतरतं. उलटंच हवं, म्हणजे छापल्यावर सुलटं येतं. अक्षरं कोरायची असतील तर यात सगळ्यांची फसगत होते, त्यामुळे हे पहिल्यापासून सवयीचं कर. मग लिनोलियम कोरायची छोटी कोरणी मिळते, व्ही आकाराचं पातं, त्याने जे पांढरं हवं ते काढत जायचं. वळणावर कोरणी फिरवायची नाही, हात स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने रबर फिरवायचं. रेघेच्या बाजूने कोरताना पातं रेघेपासून बाहेर कललेलं ठेव, म्हणजे रेघेचा पाया रुंद राहतो, नाहीतर चार वेळा छापल्यावर ती दुमडते. आणि शाईचं पॅड लागतंच असं नाही, मी तर स्केचपेनांनी शिक्क्यावरच रंग भरते, मग तोंडाने हळूच वाफ सोडायची, हा ऽ ऽ असं, आणि वहीवर दाबायचं. लेकीच्या बैलाची शिंगं लाल आणि अंग काळं एकाच शिक्क्यात येईल बघ.

मैत्रीचं म्हणशील तर इथे प्रत्येकाचं ट्रेल नेम, म्हणजे या छंदापुरतं टोपणनाव, असतं, शिक्का आणि ट्रेल नेम हीच ओळख. माझ्या एका मैत्रिणीचं खरं नाव मला तीन वर्षांनी कळलं, ते पण तिच्याकडे पार्सल पाठवायचं होतं म्हणून. आमचे मेळावे एखाद्या बागेतल्या शेडमधे होतात, लांब टेबल, प्रत्येकजण घरून काहीतरी करून आणतो, आणि पंगतीत वाढप फिरावं तशा वह्या फिरतात, तू माझ्या वहीत मार, मी तुझ्या वहीत मारते, पुढे सरकव. मी चकल्या नेते. त्या शेडमधे शाळेची बस चालवणारी बाई असते, दातांचा डॉक्टर असतो, सतरा वर्षांची पोरगी असते, एरवी हे लोक माझ्या आयुष्यात आलेच नसते.

माझी आई सांगलीहून सहा महिने आली होती. तिला इंग्रजी येत नाही, दिवसभर घरात खिडकीशी बसायची, मला फार वाईट वाटायचं. एका शनिवारी तिला सोबत नेलं. तिला कागद-पेन दिलं तर तिने ठिपक्यांची रांगोळी काढली, सात ते एक, आणि बसवाल्या मैत्रिणीने तिथल्या तिथे बसून ती कोरून तिला शिक्का करून दिला. त्यानंतर आई दर शनिवारी सकाळी सात वाजता तयार. डबी मला सापडायच्या आधी तिला सापडायची, तिची नजर तांदूळ निवडलेली नजर. आई परत गेली तेव्हा मैत्रिणींनी तिच्या शिक्क्याचा हिचहायकर केला. हिचहायकर म्हणजे ज्या डबीला घर नाही अशी डबी, जो शोधेल त्याने उचलायची आणि पुढच्या लेटरबॉक्समधे नेऊन सोडायची. ती रांगोळी आज पाच वर्षं फिरतेय. कोणाला मिळाली की ते लोक सोबतच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवतात, मी तो सांगलीला पाठवते, आणि आई फोन करून विचारते, 'हे गाव कुठे आलं गं?' तिने भिंतीवर अमेरिकेचा नकाशा लावलाय, त्यात टाचण्या टोचते.

(गवतातून चालणार असलीस तर पँटचे पाय मोज्यात खोचायचे, घरी आल्यावर लेकीच्या कानामागे, काखेत गोचिडी बघायच्या. लाइम हा आजार आमच्याच राज्यातल्या लाइम गावाच्या नावावरून आहे त्यामुळे मी हे प्रत्येकाला सांगते. तुमच्याकडेही गोचिड्या आहेत.)

गिरणाकाठ

छान धागा. एक शंका, हे म्हणजे जिओकॅशिंगच ना? आमच्या ऑफिसातला एकजण मोबाईल घेऊन ते करायचा.

तात्या_डेव्हनकर

चुलत भावंडं म्हणा. जिओकॅशिंग २००० सालच्या मे महिन्यातलं, अमेरिकेने जीपीएसमधे मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमधे पहिली डबी ठेवली गेली. त्यात उपग्रह तुम्हाला जागेवर नेतो. इथे कोणीतरी लिहिलेली दोन वाक्यं आणि तुमची नजर. मी दोन्ही करून बघितलंय, माझं मन इकडेच रमलं, कारण हाताने कोरलेला शिक्का.

नाशिकचा_भटक्या

मंडळी, मी गेली वीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय, हे वाचून हात शिवशिवायला लागले. पण आपल्याकडे कसं करायचं याचा विचार करत दोन दिवस घालवले. किल्ल्यावर डबी ठेवायची नाही हे पहिलं. बरेच किल्ले संरक्षित स्मारकं आहेत, आणि तसंही तटातल्या फटीत एकाने डबी ठेवली की दुसरा ती शोधायला चिरा हलवणार. गडावरून पोती भरभरून प्लास्टिक खाली आणलंय आम्ही, त्यात आपण भर घालायची नाही. दुसरं म्हणजे चार महिन्यांचा पाऊस, आणि तिसरं माकडं, हरिश्चंद्रगडावर माकडांनी माझ्या सॅकची चेन उघडून बिस्किटं नेलीत, त्यांना डबीचं झाकण काय अवघड.

मग मला सुचलं ते असं. आपण ट्रेकला जातो तेव्हा पायथ्याच्या गावात कुठल्या तरी एका घरी जेवतो, पिठलं, भाकरी, ठेचा. वर्षानुवर्षं तेच घर, त्या मावशी आपल्याला नावाने ओळखतात. वही आणि शिक्का तिथे ठेवायचा. मावशींना विचारून, त्यांच्या लेकरांनी काढलेल्या चित्राचा शिक्का करून. क्लू असा द्यायचा की वाटेवरच्या तीन गोष्टी बघितल्याशिवाय घर सापडू नये, म्हणजे टाक्यातलं पाणी कुठल्या दिशेने आत येतं, दरवाजाच्या कमानीवर काय कोरलंय, असं. म्हणजे गडही नीट बघून होतो आणि घर सापडतं. सांधण, कळसूबाई, कुठल्याही वाटेला होईल.

आणि शिक्का आपल्याला नवीन थोडाच आहे! शिवकाळातली पत्रं बघा, वर मुद्रा आणि मजकूर संपला की खाली 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब, की आता याच्यापुढे कोणी काही वाढवू नये. शिक्कामोर्तब हा शब्द तिथलाच. मी माझ्या वहीत तसंच करणार, पानावर वर मावशींच्या घराचा शिक्का आणि खाली माझा.

शिक्केवाली ताई, ती व्ही पात्याची कोरणी इथे कुठे मिळेल?

शिक्केवाली

चित्रकलेच्या सामानाच्या कुठल्याही मोठ्या दुकानात लिनोकटचा सेट मागा, कलाशाळेतली मुलं वापरतात तोच. आणि ही मावशींच्या घराची कल्पना मला इतकी आवडली की पुढच्या भारतवारीत मी तुमच्याकडून क्लू घेऊनच नाशिकला येणार. मावशींच्या लेकरांसाठी दोन कोरण्या आणेन, पण कोरताना मोठं माणूस जवळ हवं, पातं फार धारदार असतं.

मुग्धा_प्लिमथ

सगळ्यांना उशिरा उत्तर देतेय, तीन आठवडे झाले, पण या तीन आठवड्यांत बरंच झालं.

खोडरबरावर बैल कोरला. पहिल्या दोन वेळा शिंगं तुटली, तिसऱ्यांदा पातं बाहेर कललेलं धरलं आणि जमलं. अंग काळं, शिंगं लाल, वाफ सोडून दाबला, लेक नाचायला लागली. मग काल परत शीप्स टॉरला गेलो, त्याच फटीशी, आधी काठी मग हात. वही उघडली तर लेकीच्या चित्राखाली गमबुटांचा शिक्का आणि एक ओळ, कोणीतरी विचारलंय की या बैलाची शिंगं लाल का आहेत. लेकीने दगडावर बसून अख्खं पान लिहिलं. पोळा म्हणजे काय, त्या दिवशी बैलांना कामाला लावत नाहीत, आजोबा शिंगांना रंग कसा देतात, पुरणपोळी आधी बैलाला मग आम्हाला. स्पेलिंगं मी सुधारली नाहीत. शेवटी बैलाचा शिक्का मारला आणि पुढे लिहिलं, 'तुमचे बूट कुठल्या रंगाचे आहेत?' आता तिला दर आठवड्याला तिथे जायचंय उत्तर आलं का बघायला.

तिथून उतरताना एक बाई नकाशा आणि होकायंत्र घेऊन वाटेत उभ्या दिसल्या. मी तात्यांनी सांगितलेला प्रश्न विचारला, काही मिळालं का. पाऊण तास बोललो, खाली गाडीपर्यंत सोबत आलो. त्यांनी तीन क्लू लिहून दिलेत आणि फोन नंबरही. त्यांचा शिक्का किटलीचा आहे! लेकीने वहीतली किटली ओळखली.

तात्या, मेळाव्याला आम्ही तिघं येतोय, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. किटलीबाई पण येणार आहेत. पाणमांजरबाईंना सांगून ठेवा की बैलाला त्यांच्या वहीत जागा हवीय, आणि मी डब्यात काय आणू ते कळवा, थालीपीठं गार झाली तरी चालतील का?

तात्या_डेव्हनकर

व्यनि मिळाला. थालीपीठं गारच छान लागतात, लोणी मी आणतो. पाणमांजरबाईंना फोन केला, त्या विचारतायत की बैलाचं नाव काय.